तोन्तो दे कापिरोते

एखाद्याच्या मूर्खपणाला तोडच नसली, की स्पेनमध्ये त्याला 'तोन्तो दे कापिरोते' म्हणतात. 'तोन्तो' म्हणजे मूर्ख, 'कापिरोते' म्हणजे उंच निमुळती टोपी. किरकोळ वेंधळेपणासाठी हा शब्दप्रयोग फार जड. आपला 'मूर्खशिरोमणी' त्याच्या जवळ जातो, आणि तोही मस्तकावरच बेतलेला!

ही टोपी मात्र गमतीची नव्हे. स्पेनच्या इन्क्विझिशनने (१४७८–१८३४) दोषी ठरवलेल्यांच्या डोक्यावर अशीच कागदी टोपी, 'कोरोसा', चढवून त्यांना जमावापुढे उभे केले. गोयाच्या एका चित्रात असे आरोपी मान खाली घालून बसलेले दिसतात. गोव्यात ही प्रथा पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनबरोबर आली. १६७६ साली तिथे शिक्षा झालेल्या शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने १६८७च्या आपल्या पुस्तकात या टोपीचे वर्णन केले आहे.

म्हणून अनेकजण शब्दप्रयोगाचे मूळ त्या विटंबनेत शोधतात. मला तेवढे पुरेसे वाटत नाही. स्पॅनिश विद्यापीठांतील डॉक्टरांच्या पदवीवस्त्रालाही 'कापिरोते'च म्हणतात. तेव्हा 'पदवीप्राप्त मूर्ख' हा उपरोधही त्यात असावा. सेव्हिलच्या पवित्र सप्ताहात तर तीच निमुळती टोपी घालून लोक प्रायश्चित्तासाठी स्वेच्छेने मिरवणुकीत चालतात. तेव्हा त्यांना कोणी हसत नाही.