जत्रेतून आणलेल्या वस्तूंचे वय

आमच्या तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींनी आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास-विभागाला चिनी मातीचा एक पेला भेट दिला. त्यांच्या मुलाने तो अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या बाजारात विकत घेतलेला. पेल्यावर परीकथेतला किल्ला, त्याखाली ‘डिस्नेलँड’ आणि मोठ्या अक्षरांत ‘१९५५’. मी तो कपाटात मांडला, चिठ्ठीवर ‘इ. स. १९५५’ असे लिहिले आणि वर्गात त्यावर दहा मिनिटे बोललोसुद्धा. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने पेला उलटा केला. बुडाशी बारीक अक्षरांत ‘द वॉल्ट डिस्ने कंपनी’ असे छापले होते. आता हे नाव त्या कंपनीने घेतले १९८६ साली! त्याआधी तिचे नाव ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ असे होते. म्हणजे ज्याला मी डिस्नेलँडच्या पहिल्या वर्षाचा साक्षीदार म्हणून उभा केला, तो निदान एकतीस वर्षांनी धाकटा निघाला.

मग १९५५ हा आकडा खोटा का? तसेही नाही. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम गावी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले ते १७ जुलै १९५५ रोजीच. आकडा खरा आहे, पण तो उद्यानाचा आहे, पेल्याचा नव्हे. वस्तूच्या दर्शनी बाजूला जे वर्ष असते ते विकणाऱ्याला आपल्याला सांगायचे असते. वस्तू केव्हा घडली हे बहुधा तिच्या बुडाशी, पाठीवर किंवा कडेला सापडते. तिथे कायद्याने, टपाल खात्याने किंवा कारखान्याने भाग पाडले म्हणून काहीतरी लिहिलेले असते, आणि त्याच्याकडे गिऱ्हाईक सहसा पाहत नाही.

याचे उत्तम उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडचे. समुद्रकाठच्या या जागी एकामागून एक तीन मोठी करमणुकीची उद्याने उभी राहिली. १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क, १९०३ मध्ये लूना पार्क आणि १९०४ मध्ये ड्रीमलँड. आपल्याकडे जत्रा चार दिवसांची असते, ही सबंध उन्हाळाभर चालणारी जत्रा. रात्री लाखो विजेचे दिवे लागत, आणि ज्यांच्या घरी अजून रॉकेलचा दिवा होता अशी माणसे ते पाहायला लोटत. घरी परतताना काहीतरी खूण न्यायची, हा माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. तिथे लाल रंग चढवलेले काचेचे छोटे पेले मिळत. दुकानदार फिरत्या चाकावर तो लाल थर खरवडून गिऱ्हाइकाचे नाव आणि साल तिथल्या तिथे कोरून देई. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालून देतात ना, तसेच. अशा पेल्यावरचे साल मात्र पुष्कळदा विश्वासाचे, कारण ते विक्रीच्या क्षणी पडलेले असते.

पेल्यांहून जास्त टिकली ती चित्रकार्डे. त्यांचे वय काढण्याची रीत शिक्षकबंधूंनी अवश्य ध्यानात ठेवावी, कारण ती निव्वळ तर्काची आहे. अमेरिकेत १ मार्च १९०७ पूर्वी कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला टपाल खात्याची परवानगी नव्हती. मग लोक काय करीत? चित्राच्या कडेला जी पांढरी पट्टी उरे, तिच्यात मुंगीसारखी अक्षरे दाटीवाटीने बसवीत. त्या तारखेपासून पाठीवर मध्ये रेघ आली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. आता ड्रीमलँडचे चित्र असलेले आणि पाठीवर रेघ नसलेले एखादे कार्ड हाती आले तर पाहा. उद्यान १९०४ चे, नियम १९०७ चा, म्हणजे कार्ड या तीन वर्षांतच छापलेले असणार. वर टपालाचा शिक्का १९०९ चा असला तरी बिघडत नाही. शिक्का कार्ड पाठवल्याचा दिवस सांगतो, छापल्याचा नव्हे; दुकानात जुना माल पडून राहतोच की. ‘जर्मनीत छापलेले’ असे शब्द असतील तर ते बहुधा १९१४ पूर्वीचे, कारण पहिल्या महायुद्धाने हा व्यापार बसला. परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेने १८९१ पासून केली होती, तिचा हा आपल्याला झालेला फायदा.

पण एवढी उठाठेव कशासाठी? ड्रीमलँडचेच पाहा. २७ मे १९११ च्या पहाटे, हंगामाच्या तोंडावर, तिथल्या ‘हेल गेट’ नावाच्या खेळाची दुरुस्ती चालू असता आग लागली. सगळे बांधकाम लाकडाचे आणि गिलाव्याचे. काही तासांत राख झाली आणि ते उद्यान पुन्हा उभे राहिले नाही. आज ते पाहायचे तर छायाचित्रांत आणि लोकांनी घरी नेलेल्या या कार्डां-पेल्यांतच.

या कार्डांमध्ये एक प्रकार असा आहे की तो पाहून मी कितीतरी वेळ स्तब्ध बसलो. चित्रात काचेच्या पेट्या, आणि पेट्यांत दिवस न भरता जन्मलेली तान्ही बाळे! मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी १९०३ पासून १९४३ पर्यंत कोनी आयलंडवर हे प्रदर्शन चालवले. प्रेक्षकांकडून ते तिकीट घेत, बाळांच्या आईबापांकडून एक पैसाही घेत नसत. त्या काळी बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांना जगवण्याची सोय नव्हती. कूनी हे खरोखरच पदवीधर डॉक्टर होते याचा पुरावा संशोधकांना मिळालेला नाही, पण त्यांच्याकडे हजारो मुले जगली. १९११ च्या आगीतूनही ड्रीमलँडमधली बाळे सुखरूप बाहेर काढली गेली. आता बोला, हे कार्ड करमणुकीचे की वैद्यकाच्या इतिहासाचे? त्याचे साल चुकले तर रुग्णालये केव्हा जागी झाली, हा हिशेबच चुकतो.

डिस्नेलँडच्या वस्तूंनाही अशाच खुणा आहेत. तिथे ऑक्टोबर १९५५ पासून तिकिटांची पुस्तके मिळू लागली, त्यांत ए, बी, सी अशी तिकिटे असत. डी तिकीट आले १९५६ मध्ये आणि सर्वांत बड्या खेळांसाठीचे ई तिकीट १९५९ मध्ये. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली. तेव्हा ई तिकीट असलेले पुस्तक कोणी ‘पहिल्या वर्षाचे’ म्हणून विकू लागला तर खुशाल हात जोडावेत. तसेच मॅटरहॉर्नचा कृत्रिम डोंगर १९५९ चा. तो उभा असलेले छायाचित्र त्याआधीचे असणे शक्य नाही. आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असा छाप असलेल्या बाहुलीवर डिस्नेलँडचे नाव दिसले तर समजावे की कोणीतरी नाव मागाहून चिकटवले आहे. जपानवरचा ताबा १९५२ मध्येच संपला होता, डिस्नेलँडचा तेव्हा पत्ताही नव्हता.

गुरुजींना हे सांगायला मी जरा बिचकतच गेलो. मुलाने पेल्याला जुन्या वस्तूचे पैसे मोजले होते ना! ते ऐकून घेत होते, मग उठले आणि आतून एक पितळी डबी घेऊन आले. पंढरपूरची, आजीने आणलेली, असे घरात सांगत. त्यांनी ती आधी उलटी केली आणि चष्मा पुसायला लागले.