शिक्षकांनी तयार केलेल्या शैक्षणिक साहित्याची ऑनलाइन विक्री

शिक्षक आपल्या वर्गासाठी स्वाध्यायपत्रिका, चित्रकार्डे, सराव चाचण्या, पाठ टाचणे, भिंतीवरचे तक्ते असे बरेच काही तयार करतात. या साहित्याच्या फाइली संकेतस्थळावर ठेवून इतर शिक्षकांना विकणे हा पगाराला जोड देणारा उद्योग गेल्या दोन दशकांत उभा राहिला. त्याची सर्वात मोठी बाजारपेठ अमेरिकेत आहे. त्यातून काही शिक्षकांना चांगले उत्पन्न मिळाले, पण सोबत एक अवघड प्रश्नही आला : शिक्षकाने शाळेच्या कामासाठी तयार केलेली स्वाध्यायपत्रिका नेमकी कोणाच्या मालकीची?

सुरुवात आणि वाढ

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळेत शिकवलेल्या पॉल एडेलमन यांनी २००६ साली ‘टीचर्स पे टीचर्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. शिक्षकाने आपले साहित्य तिथे ठेवायचे, किंमत स्वतः ठरवायची आणि विक्रीतला ठरावीक वाटा संकेतस्थळाने घ्यायचा, अशी त्याची साधी रचना होती. जॉर्जिया राज्यात लहान मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या डीना जंप यांची या संकेतस्थळावरील कमाई २०१२ साली दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. ही बातमी देशभर गाजल्यावर विक्रेत्यांची संख्या झपाट्याने वाढली. २०२३ साली हे संकेतस्थळ ‘आयएक्सएल लर्निंग’ या कंपनीने विकत घेतले.

खरेदी कोण करते?

या बाजारातले ग्राहकही बहुतेक शिक्षकच असतात आणि अनेकदा ते स्वतःच्या खिशातून पैसे देतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार २०१४-१५ या शालेय वर्षात सार्वजनिक शाळांतील सुमारे ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी पदरचे पैसे खर्च केले. खर्च करणाऱ्यांची सरासरी होती ४७९ डॉलर. अशा खर्चापोटी तिथल्या आयकरात शिक्षकांना छोटी वजावटही मिळते.

विकत घेण्याचे मुख्य कारण वेळ हे आहे. रविवारी रात्री सोमवारच्या तासाची तयारी करणाऱ्याला तीन डॉलरमध्ये चार तासांचे काम वाचत असेल, तर तो सौदा परवडतो. अमेरिकेत पाठ्यपुस्तके आणि अभ्यासक्रम राज्याराज्यांत, अगदी शालेय जिल्ह्याजिल्ह्यांतही वेगळे असतात. त्यामुळे छापील पुस्तकात न सापडणाऱ्या नेमक्या गोष्टींना, उदाहरणार्थ अपूर्णांकांच्या बेरजेचा टप्प्याटप्प्याने सराव किंवा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी चित्रकार्डे, मागणी राहते.

हातात किती पडते?

किमती बहुधा एक ते दहा डॉलरच्या दरम्यान असतात. ‘टीचर्स पे टीचर्स’वर अनेक वर्षे दोन प्रकारची खाती होती. मोफत खात्यावर विक्रेत्याला किमतीच्या ५५ टक्के मिळत आणि त्यातून प्रत्येक विक्रीमागे ३० सेंट शुल्क कापले जाई. वर्षाला सुमारे ६० डॉलर भरणाऱ्याला ८० टक्के मिळत. म्हणजे मोफत खात्यावर तीन डॉलरची स्वाध्यायपत्रिका विकली, तर शिक्षकाच्या हातात १ डॉलर ३५ सेंट येत. महिन्याला १०० प्रती विकल्या गेल्या, तर १३५ डॉलर.

एकदा केलेली फाइल कितीही वेळा विकता येते, हे या कामाचे मोठे आकर्षण आहे. मात्र प्रत्यक्षात काम एकदाच करून संपत नाही. मुखपृष्ठ, नमुना पाने, वर्णन, उत्तरसूची, ग्राहकांच्या शंकांना उत्तरे, चुकांची दुरुस्ती, समाजमाध्यमांवरची जाहिरात हे सगळे शाळेच्या वेळेबाहेर करावे लागते. सुरुवातीच्या काळात आलेल्या विक्रेत्यांना स्पर्धा कमी होती. आज एकाच घटकावर हजारो फाइली उपलब्ध असल्याने नव्या विक्रेत्याचे साहित्य शोधात वर येणेच कठीण असते. लाखो कमावणारे विक्रेते मोजकेच असतात. बहुतेकांना मिळते ती किरकोळ जोडकमाई.

दर्जाचा प्रश्न

या संकेतस्थळांवर प्रकाशनपूर्व संपादन जवळपास नसते. फोर्डहॅम इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने २०१९ साली तीन संकेतस्थळांवरील, नववी ते बारावीच्या इंग्रजीसाठीचे ३०० हून अधिक पाठ तज्ज्ञांकडून तपासून घेतले. त्यातले जवळपास दोन तृतीयांश वापरू नयेत किंवा वापरण्याजोगे नाहीत, असे तज्ज्ञांचे मत पडले. आकर्षक मांडणी आणि चांगला आशय यांची सांगड नेहमीच असते असे नाही, हा त्याचा अर्थ.

मालकी कोणाची?

अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कर्मचाऱ्याने नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा हक्क मालकाकडे जातो. न्यूयॉर्क राज्यातील एका गणित शिक्षकाच्या खटल्यात २००४ साली तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने हेच तत्त्व लावले. शिक्षकाने स्वतः तयार केलेल्या चाचण्या आणि गृहपाठाची गणिते ही नोकरीच्या कामातून आलेली असल्याने ती शालेय जिल्ह्याच्या मालकीची ठरतात, असे न्यायालयाने म्हटले. घरी बसून, रात्री, स्वतःच्या संगणकावर काम केले एवढ्याने हक्क शिक्षकाकडे येतोच असे नाही. काम नोकरीच्या स्वरूपात बसते का आणि शाळेशी झालेला करार काय म्हणतो, यावर बरेच अवलंबून असते. म्हणूनच काही शिक्षक शाळेशी लेखी समजूत करून घेतात किंवा स्वतः शिकवत नसलेल्या विषयाचे अथवा इयत्तेचे साहित्य विकतात.

दुसरा धोका इतरांच्या कामाचा. पाठ्यपुस्तकातला उतारा, गाजलेल्या कार्टूनचे चित्र, इंटरनेटवरून घेतलेला फाँट वर्गात वापरणे वेगळे आणि विकायच्या फाइलीत घालणे वेगळे. अनेक चित्रे आणि फाँट वैयक्तिक वापरासाठी मोफत असतात, पण विक्रीसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. शिक्षकाच्या स्वतःच्या फाइलींचीही चोरी होते. एकाने विकत घेतलेली फाइल सगळ्या शाळेत फिरते, तेव्हा पुढच्या प्रतींचे पैसे बुडतात. म्हणून फाइलीवर ‘एका शिक्षकासाठी’ अशी अट छापलेली असते.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रातही शिक्षकांची साहित्यनिर्मिती मोठी आहे, पण ती मुख्यतः मोफत फिरते. स्वाध्याय, प्रश्नपत्रिका आणि तक्त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲप गटांतून आणि शिक्षकांच्या ब्लॉगवरून एकमेकांना दिल्या जातात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरही साहित्य विनामूल्य मिळते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याच्या कामामुळे. तेही विक्रीसाठी केलेले काम नव्हते.

विकायचे ठरवले, तर काही कायदे लक्षात घ्यावे लागतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल, तर नोकरीच्या ओघात झालेल्या निर्मितीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. कलम ५२ अध्यापनाच्या ओघात इतरांच्या साहित्याच्या प्रती काढण्याची सवलत देते, पण ती सवलत म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. शासकीय कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वपरवानगीशिवाय व्यापार-धंदा करता येत नाही. साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या प्रासंगिक कामाला सूट आहे, पण नियमित विक्री त्यात बसेलच असे गृहीत धरता येत नाही. जिल्हा परिषद आणि खासगी शाळांतील शिक्षकांसाठी स्वतंत्र सेवानियम आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. त्यामुळे फाइलीबरोबर ‘ऑनलाइन मार्गदर्शन’ विकणे विशेष अडचणीचे ठरू शकते.

विक्रीपूर्वी काय तपासावे?

• नेमणूकपत्र आणि सेवानियमांत जोडधंद्याबद्दल काय म्हटले आहे? परवानगी लागत असेल, तर ती लेखी घ्यावी.
• साहित्य शाळेच्या कामासाठी केलेले आहे की स्वतंत्रपणे? स्वतंत्र असल्यास तारखांसह मूळ मसुदे जपून ठेवावेत.
• चित्रे, फाँट, उतारे यांचा विक्रीसाठीचा परवाना आहे का?
• विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे किंवा हस्ताक्षर फाइलीत राहिलेले नाही ना?
• उत्पन्नाची नोंद ठेवली आहे का? असे नियमित उत्पन्न साधारणपणे व्यवसायाचे धरले जाते आणि ते असल्यास पगारदारांचे साधे ‘सहज’ विवरणपत्र चालत नाही.
• संकेतस्थळाचे शुल्क वजा जाता, खर्च केलेल्या तासांच्या मानाने हातात काय उरते?