एक साप की दोन? वैद्यकाच्या दंडाची कथा

प्रतिमा आणि प्रतीक यांतील भेद शिकवण्याची वेळ एम.ए.च्या वर्गात दरवर्षी येते. कमळ, दिवा, वाट ही नेहमीची उदाहरणे झाल्यावर एकदा आम्ही विद्यार्थ्यांना रोजच्या पाहण्यातले एखादे प्रतीक सांगायला सांगितले. एका विद्यार्थिनीने डॉक्टरांच्या मोटारीच्या काचेवरचे चिन्ह सुचवले: उभी काठी, तिला वेटोळे घातलेले दोन साप आणि वर पसरलेले पंख. मागच्या बाकावरून लगेच हरकत आली की साप एकच असतो आणि पंख मुळीच नसतात. वर्गात दोन तट पडले. दोघांनी पाहिलेले खरेच होते; पण कोणते चिन्ह ‘बरोबर’, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तासाला देता आले नाही. पुढे विभागातल्या आम्हां काही जणांच्या वाचनातून आणि चर्चेतून जे हाती लागले, ते येथे मांडत आहोत.

एका सापाचा दंड हा ग्रीकांच्या अस्क्लेपिअसचा. होमरच्या ‘इलियड’मध्ये तो अजून देव झालेला नाही. तेथे तो एक निष्णात वैद्य आहे आणि माखाऑन व पोडालिरिअस हे त्याचे दोन मुलगे ट्रॉयच्या रणभूमीवर ग्रीक सैन्याबरोबर आहेत. नंतरच्या कथांत तो अपोलोचा पुत्र आहे. अर्धा मानव आणि अर्धा अश्व असलेल्या कायरॉनकडे तो वैद्यक शिकला आणि अखेरीस स्वतः देवपदाला पोहोचला. एपिडॉरस हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र. रोगी तेथे जात, शुद्धीचे विधी करीत आणि रात्री एका राखीव दालनात झोपत. स्वप्नात देव येई. कधी औषध सांगे, कधी शस्त्रक्रिया करी. देवळात वावरणारे बिनविषारी साप हे त्या देवाचेच रूप मानले जात. इ.स.पू. २९३ मध्ये रोममध्ये साथ पसरली तेव्हा रोमनांनी एपिडॉरसला शिष्टमंडळ पाठवले. परतीच्या जहाजावर देवाचा साप आपणहून चढला आणि रोमला येताच टायबर नदीतल्या बेटावर उतरला, अशी कथा आहे. इ.स.पू. २९१ मध्ये त्या बेटावर अस्क्लेपिअसचे मंदिर उभे राहिले. त्या बेटावर आजही रुग्णालय आहे.

वैद्याच्या हाती साप का, याचे प्राचीनांनी दिलेले उत्तर मराठी वाचकाला सांगावे लागणार नाही. ‘कात टाकणे’ या आपल्या वाक्प्रचारातच ते आहे. जुनी त्वचा टाकून नवा होणारा हा प्राणी रोगातून उठलेल्या माणसाचे रूपक होणे स्वाभाविक होते. दुसरीही एक उपपत्ती अधूनमधून वाचायला मिळते. नारूचा जंतू पायाच्या फोडातून बाहेर डोकावू लागला की एका बारीक काडीवर तो रोज थोडाथोडा गुंडाळून काढीत. त्या काडीचीच पुढे सापाची काठी झाली, असे म्हणतात. पायविहिरींचे पाणी पिणाऱ्या आपल्या खेड्यांनी नारू पाहिलेला आहे, त्यामुळे ही कल्पना आपल्याला चटकन पटते. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. परंतु प्राचीन ग्रीक लेखनात या उपपत्तीला आधार नाही. प्रतीकाचे मूळ एखाद्या डोळ्यांनी दिसणाऱ्या वस्तूत सापडावे असे आपल्याला वाटत असते, आणि या कल्पनेची लोकप्रियता बहुधा त्या वाटण्यातून आलेली आहे.

दोन सापांचा आणि पंखांचा दंड, ज्याला ‘कॅड्यूसिअस’ म्हणतात, तो हर्मिसचा. रोमनांचा मर्क्युरी तो हाच. हर्मिस देवांचा दूत, आणि हा दंड मुळात दूताच्या अवध्यतेची खूण. दंड हाती असला की शत्रूच्या छावणीतूनही सुखरूप परतता यावे, असा संकेत होता. भांडणाऱ्या दोन सापांमध्ये हर्मिसने काठी घातली आणि ते शांत होऊन तिला लपेटून राहिले, अशी तिची एक कथा आहे. पण दूतकर्म हे हर्मिसच्या अनेक कामांपैकी एक. तो व्यापाऱ्यांचा, वाटसरूंचा आणि चोरांचाही देव आहे. शिवाय मेलेल्यांचे आत्मे पाताळात पोहोचवण्याचे काम त्याच्याचकडे आहे. वैद्याच्या दारावर लावायला यापेक्षा अडचणीचा देव शोधूनही मिळणार नाही.

मग हा दंड वैद्यकात शिरला कसा? त्याचा बराचसा मार्ग ग्रंथव्यवहारातून जातो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो विशेष रोचक वाटावा. हर्मिस वक्तृत्वाचा आणि निरोपांचा देव, म्हणून सोळाव्या शतकापासून युरोपातल्या मुद्रकांनी त्याचा दंड आपल्या मुद्रेत घेतला. बाझलचा प्रसिद्ध मुद्रक योहान फ्रोबेन हा त्यांपैकी एक. १५५६ साली जॉन कायस या वैद्याने लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाला चांदीचा असा दंड भेट दिला, तो मात्र मानदंड म्हणून. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये वैद्यकीय ग्रंथ प्रकाशित करणाऱ्या जॉन चर्चिल यांच्या मुद्रेवरही दोन साप होते. त्यांतला एक वैद्यकाचा आणि दुसरा वाङ्मयाचा, आणि दोघांचे बंधन अतूट, असा त्या मुद्रेचा आशय होता. ही पुस्तके अटलांटिकपार गेली. प्रकाशकाची खूण वाचकाने विषयाची खूण म्हणून वाचली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठाने लेखनाचा अर्थ बदलल्याची उदाहरणे आपण वर्गात देतोच. येथे मुद्रेने एका व्यवसायाचे चिन्ह बदलले.

अमेरिकेत पुढचे काम सैन्याने केले. १८५१ पासून तेथे लष्करी रुग्णालयातील सहायकांच्या बाहीवर कॅड्यूसिअस दिसू लागला. १९०२ साली कॅप्टन फ्रेडरिक रेनॉल्ड्स यांच्या आग्रहावरून तो लष्करी वैद्यकीय दलाच्या गणवेशावर आला. गंमत अशी, की त्याच सैन्याच्या वैद्यकीय विभागाच्या जुन्या चिन्हावर एका सापाचा दंड होताच. टीका होऊ लागल्यावर वैद्यकाचे इतिहासकार फील्डिंग गॅरिसन यांनी बचाव केला, की हे वैद्यकाचे चिन्ह नसून रणांगणावरील निःशस्त्र, तटस्थ माणसाची खूण आहे. दूताच्या दंडाचा मूळ अर्थ पाहता हा बचाव अगदीच टाकाऊ नव्हता. पण पाहणाऱ्यांनी त्यातून ‘डॉक्टर’ एवढाच अर्थ घेतला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९१० साली एका सापाचा दंड स्वीकारला. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हावर तोच दंड आणि तोच एक साप ठेवला. आपल्या आर्मी मेडिकल कोअरच्या चिन्हातही साप एकच आहे. (आपल्याकडे डॉक्टर आणि औषधांची दुकाने सर्रास लावतात ते लाल फुलीचे चिन्ह वेगळे. १८६४ च्या जिनिव्हा करारातले ते संरक्षक चिन्ह आहे आणि १९६० च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते कोणालाही, डॉक्टरांनाही, वापरता येत नाही.)

वॉल्टर फ्रीडलँडर यांनी १९९२ साली ‘द गोल्डन वाँड ऑफ मेडिसिन’ या ग्रंथात अमेरिकेतल्या २४२ वैद्यकीय बोधचिन्हांची मोजदाद मांडली. व्यावसायिक संघटनांपैकी ६२ टक्के एका सापाचा दंड वापरत होत्या, तर धंदा करणाऱ्या कंपन्यांपैकी ७६ टक्के कॅड्यूसिअस. या आकड्यांवरून एक सुबक निष्कर्ष निघतो आणि तो आता सर्वत्र उद्धृत होतो: एक साप म्हणजे सेवा, दोन साप म्हणजे बाजार, व्यापाऱ्यांच्या देवाचा दंड वैद्यांनी हाती घेतला आणि तेथेच घसरण सुरू झाली. आमच्या वर्गातही हे उत्तर देऊन वाद मिटवता आला असता. आम्हांला मात्र ते पुरेसे वाटत नाही, आणि त्याचे कारण खुद्द अस्क्लेपिअसच्याच कथेत आहे.

इ.स.पू. पाचव्या शतकात पिंडार या कवीने सिराक्यूजच्या आजारी राजासाठी, हिएरॉनसाठी, एक स्तोत्र रचले. त्यात अस्क्लेपिअसच्या मृत्यूचे कारण आहे. मेलेल्या एका माणसाला त्याने परत उठवले म्हणून झ्यूसने दोघांवरही वज्र टाकले, ही कथा अनेकांनी सांगितली. पिंडार त्यात एक तपशील घालतो: वैद्याच्या हाती सोने चमकले आणि त्या सोन्याने त्याला भुलवले. शेपन्नास वर्षांनी प्लेटो ‘रिपब्लिक’मध्ये नेमका हाच तपशील नाकारतो. त्याचा युक्तिवाद असा, की अस्क्लेपिअस देवाचा पुत्र असेल तर तो लोभी नव्हता. लोभी असेल तर तो देवाचा पुत्र नव्हता. कवी आणि तत्त्वज्ञ यांचा हा वाद एकाच सापाच्या दंडाभोवती चाललेला आहे. हर्मिसचा त्यात कोठेच संबंध नाही.

एपिडॉरसच्या शिलालेखांत तर दोन्ही बाजू एकाच ठिकाणी कोरलेल्या आहेत. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या या शिळांवर बऱ्या झालेल्या रुग्णांच्या कथा आहेत. मूतखड्याने त्रस्त झालेल्या युफानीस नावाच्या मुलाला स्वप्नात देव विचारतो, तुला बरे केले तर मला काय देशील? मुलगा खेळातली आपली दहा हाडे देऊ करतो. आपल्याकडे सागरगोटे, तशी तिकडे मुले ही हाडे खेळत. देव हसतो आणि त्याला बरे करतो. त्याच शिळांवर थासॉसच्या हर्मोनची कथा आहे. त्याला दृष्टी मिळाली, पण देवाचे देणे त्याने दिले नाही, तेव्हा तो पुन्हा आंधळा झाला. परत येऊन देवळात झोपल्यावर पुन्हा बरा झाला. दहा हाडांवर समाधान मानणारा आणि थकबाकी वसूल करणारा देव एकच आहे.

आपल्या परंपरेतही चित्र निराळे नाही. धन्वंतरीच्या हाती अमृताचा कलश असतो, आणि अनेक चित्रांत जळूही. रक्त काढण्यासाठी जळवा कशा लावाव्यात यावर ‘सुश्रुतसंहिते’त स्वतंत्र अध्याय आहे. अमृताशेजारी जळू, ही जोडी आम्हांला फार बोलकी वाटते. ‘चरकसंहिता’ चिकित्सास्थानात बजावते की चिकित्सेला विक्रीचा माल करणारा सोन्याची रास सोडून धुळीची रास घेतो. पण त्याच संहितेच्या सूत्रस्थानात आयुर्वेद कोणी कशासाठी शिकावा हे सांगताना वैश्यांसाठी उपजीविका हे प्रयोजन निःसंकोचपणे नोंदवलेले आहे. वैद्याला यमाचा थोरला भाऊ ठरवणारे, यम नुसते प्राण नेतो आणि वैद्य प्राणांबरोबर पैसाही, असे म्हणणारे सुभाषित तर आपल्याकडे शाळेपासून पाठ असते. ते रचणाऱ्याला हर्मिस ठाऊक नव्हता. आत्मे पोहोचवणारा आणि व्यापार पाहणारा देव त्याला आपल्याच वैद्यात दिसला होता.

म्हणून आमचे म्हणणे असे, की दोन सापांचा दंड हा केवळ अज्ञानातून झालेला प्रमाद मानून भागत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत बंद नसतो, वापरात असतो, हे आपण भाषाविज्ञानात शिकवतो. प्रतीकांनाही तेच लागू आहे. शंभराहून अधिक वर्षे लोकांनी ज्या चिन्हाकडे पाहून ‘येथे डॉक्टर भेटेल’ असे वाचले, ते चिन्ह वैद्यकाचे झालेले आहे. चिन्हाची चूक दुरुस्त केल्याने मागचा प्रश्न सुटेल, अशी आशा मात्र करू नये. उपचार हा व्यवहार आहे की दान, वैद्याने घ्यावे किती आणि कोणाकडून, हा प्रश्न पिंडारच्या आधीही असणार. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला, तेव्हा तोच प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला. त्या दिवसापासून रुग्ण हा अधिकृतपणे ग्राहकही झाला. त्याने त्याला दाद मागण्याचे बळ मिळाले, हे निर्विवाद. पण ग्राहक होण्यात त्याने काही गमावलेही का, याचे उत्तर न्यायालयाला देता येण्यासारखे नव्हते.

वर्गातल्या त्या दोन विद्यार्थ्यांना आम्ही पुढच्या आठवड्यात एवढेच सांगितले, की जुना दंड एका सापाचा, दोन सापांचा मागून आलेला. विद्यार्थिनीचे समाधान झाले नाही. तिचे वडील आजारी होते आणि गेले काही महिने ती रुग्णालयाच्या फेऱ्या घालत होती, हे आम्हांला नंतर कळले. तिने विचारले, “सर, त्या मुलाकडची दहा हाडे देवाने शेवटी घेतली का?” शिलालेखात ते लिहिलेले नाही. देव हसला आणि मुलगा बरा होऊन बाहेर आला, एवढेच तेथे आहे.