'सिमांडे' : मेरिट होते, मग दार का उघडले नाही?

"खरी गुणवत्ता कोणी दाबून ठेवू शकत नाही," हे वाक्य आपल्या मुलामुलींना दर ॲडमिशनच्या हंगामात ऐकवले जाते. ऐकवणारे बहुधा दाराची कडी हातात असलेलेच असतात. या वाक्याला उत्तर देताना आम्ही नेहमी इथलीच उदाहरणे देतो. आज लंडनचे देतो. कारण तिथे जात नव्हती, आरक्षण नव्हते, "कोट्यातून आला" असे म्हणायची सोय नव्हती. तरीही तेच घडले.

'सिमांडे' हा १९७१ साली लंडनमध्ये उभा राहिलेला फंक आणि सोल वाजवणारा बँड. पॅट्रिक पॅटरसन गिटारवर, स्टीव्ह सिपिओ बासवर. हे दोघे संस्थापक. दोघेही जन्माने गयानाचे, लहानपणीच दक्षिण लंडनच्या बॅलहम भागात आलेले. बाकीचे साथीदारही बहुतेक गयाना, जमैका, सेंट व्हिन्सेंट अशा ब्रिटिश वसाहतींतून आलेल्या घरांतले. गयाना म्हणजे उसाचे मळे. आधी तिथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबवले, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर १८३८ पासून भारतातून गिरमिटिये नेले. साखर मात्र लंडनलाच गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतल्या लोकांना तिथे येऊन राहण्याचा हक्क मिळाला. लोक आले, बस चालवल्या, इस्पितळे सांभाळली. आणि १९६८ मध्ये इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये त्यांच्याविरुद्ध विखारी भाषण केले, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ लंडनचे गोदी कामगार मोर्चा घेऊन निघाले. "वर्ग एक झाला की वर्ण आपोआप संपतो" म्हणणाऱ्या आमच्या डाव्या मित्रांनी हा मोर्चा जरूर आठवावा.

काळ्या तरुणांना रस्त्यात अडवण्यासाठी पोलिसांच्या हातात १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा होता. नुसत्या संशयावरून अटक करता येई. त्याच सत्तेने १८७१ मध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जन्मालाच संशय चिकटवला. पारधी वस्तीवर रात्री गाडी का येते हे ज्याला माहीत आहे, त्याला लंडनचा तो कोपरा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

अशा शहरात या पोरांनी बँडला नाव दिले ते कॅलिप्सो गाण्यातल्या कबुतराचे, शांततेचे प्रतीक म्हणून. आपल्या संगीताला ते 'न्याह-रॉक' म्हणत. म्हणजे रास्ताफारी लोकांच्या ढोलांचा ताल, त्यावर अमेरिकन फंकचा बास, मधूनच जॅझची बासरी. ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो ठेका, गाणारा आवाज नंतर येतो. आमच्या मते हीच त्यांची खरी ओळख आहे. कुणाची नक्कल करून ते इंग्रज झाले नाहीत, आणि अमेरिकनही झाले नाहीत.

निर्माता जॉन श्रोडर याने त्यांना सोहोमधल्या एका क्लबात ऐकले आणि १९७२ साली पहिला अल्बम निघाला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध नाही, तो ओढूनताणून जोडायचाही नाही. पण अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याची ऊब एकाच वेळी कुठेकुठे पोहोचली होती, एवढे नक्की दिसते.

अमेरिकेत 'द मेसेज' हे त्यांचे गाणे १९७३ मध्ये पहिल्या पन्नासात गेले. अल ग्रीनसारख्या मोठ्या गायकासोबत दौरा झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील अपोलो थिएटरात त्यांनी कार्यक्रम केला. तिथे मुख्य कार्यक्रम करणारा पहिला ब्रिटिश बँड म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. हे थिएटर बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाबासाहेब तिथे शिकत होते त्या काळात ते दुसऱ्या नावाने चालत होते आणि काळ्या प्रेक्षकांना आत प्रवेशच नव्हता. तो १९३४ मध्ये मिळाला.

एवढे यश घेऊन सिमांडे लंडनला परतला, आणि लंडनमध्ये काहीही बदललेले नव्हते. कार्यक्रम नाहीत, रेडिओवर गाणे नाही. १९६७ मध्ये समुद्रातली चोरटी रेडिओ केंद्रे कायद्याने बंद झाल्यावर काय वाजवायचे हे मुख्यतः बीबीसीच्या हातात उरले होते. तीन अल्बम केले, १९७४ मध्ये 'प्रॉमिस्ड हाइट्स' हा तिसरा, आणि मग बँड थांबला.

आता तुलना बघा. 'ॲव्हरेज व्हाइट बँड' हा स्कॉटलंडच्या गोऱ्या वादकांचा बँड, फंकच वाजवणारा. त्यांचे 'पिक अप द पीसेस' ब्रिटनमध्ये आधी चालले नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, आणि मग ब्रिटननेही ते डोक्यावर घेतले. अमेरिकेचा शिक्का एकाला घरी उपयोगी पडला, दुसऱ्याला नाही. ते वादक चांगले होते, यात वाद नाही. कोणी म्हणेल, त्यांच्यामागे ॲटलांटिकसारखी मोठी कंपनी होती. होतीच. पण मोठी कंपनी कोणाच्या मागे उभी राहते, हाच तर प्रश्न आहे! आणि कोणी 'हॉट चॉकलेट'चे नाव घेईल, ज्याचा गायक एरोल ब्राऊन जमैकात जन्मला आणि जो ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे गाजला. आपल्याकडेही एखादा अधिकारी, एखादी कलेक्टर दाखवून "बघा, दार उघडेच आहे" असे म्हणतात. एक जण आत गेला म्हणून बाहेरची रांग खोटी ठरत नाही.

पॅटरसन आणि सिपिओ यांनी पुढे काय केले? दोघे कायदा शिकले, बॅरिस्टर झाले आणि कॅरिबियनमध्ये वकिली केली. आम्हाला ही गोष्ट त्यांच्या गाण्यांइतकीच आवडते.

इकडे त्यांच्या नकळत रेकॉर्डी फिरत होत्या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गरीब काळ्या वस्त्यांतले डीजे 'ब्रा' या गाण्यातला तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत आणि पोरे त्यावर नाचत. 'ब्रा' म्हणजे भाऊ. त्यातून जे हिपहॉप जन्मले, त्याने सिमांडेला सोडले नाही. 'डे ला सोल'ने १९८९ मध्ये 'ब्रा' वापरले, 'फ्यूजीज'ने १९९६ च्या 'द स्कोर'मध्ये 'डव्ह' वापरले. लाखो लोकांनी तो ठेका ऐकला, पण तो कोणी वाजवला हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होते. जयंतीच्या मिरवणुकीत जे भीमगीत रिमिक्स होऊन वाजते, ते लिहिणाऱ्या शाहिराचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येते, हे आपणच एकदा मोजावे. गाणे वस्तीतून वस्तीत हातोहात पोहोचते हे खरे, पण नाव आणि पैसा त्याच वाटेने पोहोचत नाहीत. ते लिहून, करार करून, भांडून घ्यावे लागतात.

२०१५ मध्ये बँडचा नवा अल्बम आला, २०२२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट निघाला, आणि २०२५ मध्ये 'रेनेसन्स' हा अल्बम आला, तेव्हा पहिल्या अल्बमला पन्नास वर्षे उलटून गेली होती. ज्यांनी काहीच ऐकले नसेल त्यांनी 'डव्ह'पासून सुरुवात करावी. जवळजवळ अकरा मिनिटांचे आहे, मधे थांबवू नये.