पाहून आलेल्यांचा शेरा

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात एक लहानसा प्रसंग सांगितला जातो. सन १९११ च्या एप्रिल महिन्यात, ईस्टरच्या सणाच्या दिवसांत, दादासाहेबांनी आपला थोरला मुलगा भालचंद्र याला गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये जनावरांचा चित्रपट दाखविण्यास नेले. मुलगा घरी आला आणि पडद्यावर जिवंत जनावरे हिंडताना पाहिल्याचे त्याने आईला सांगितले. घरात कोणाचाच विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी दादासाहेब सर्वांनाच घेऊन गेले. त्या दिवशी खेळ बदलला होता. ईस्टरनिमित्त ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता. तो पाहताना दादासाहेबांच्या मनात राम-कृष्ण कसे उभे राहिले आणि त्यातून ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ कसा अवतरला, हे आपण सर्व जाणतोच.

आम्हांस या कथेत भालचंद्राचे महत्त्व फार वाटते. चित्रपट पाहून घरी येणे आणि जे पाहिले ते दोन वाक्यांत सांगणे, हे काम त्या मुलाने केले. त्याचे म्हणणे घरच्यांनी तात्काळ खरे मानले असते, तर कदाचित दुसऱ्या दिवशी कोणी गेलेच नसते.

पाहून आलेल्या माणसाच्या अशा दोन शब्दांना आम्ही ‘शेरा’ म्हणतो. आयुष्यभर शासकीय सेवेत फायलींवर टिपा लिहिल्या, त्यामुळे हा जुन्या मराठी दप्तरातला शब्द आम्हांस जवळचा आहे. शेरा लांबलचक नसतो, त्यात कारणे द्यावीच लागतात असे नाही, पण प्रकरण पुढे सरकायचे की तिथेच थांबायचे, हे त्यावर ठरते. ‘पैसे वसूल’, ‘डब्यात जाणार’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’, ‘मध्यंतरानंतर पडला’ हे सारे शेरेच. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे आठवडे मोजतात, पारितोषिके नोंदवतात. ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, हे पुस्तकात सापडते. ते ५७ आठवडे ज्यांच्या बोलण्यामुळे भरले, त्यांची नोंद कोठेच नाही. तिकिटाचा अर्धा भाग दारावर फाडला जाई आणि शेरा हवेत विरून जाई.

आपल्या बालाघाटकडच्या मराठी घरांत या शेऱ्याचे काम आणखी वेगळे होते. आपण सीमेवरचे लोक. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, पुढे इंग्रजी अमलात १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग काढून आपला जिल्हा बनला, आणि १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. कचेऱ्यांची भाषा हिंदी, शाळांची हिंदी, आणि गावच्या टॉकीजची तर आधीपासूनच हिंदी. गंमत अशी की, जो प्रांत सरकारने १९५० सालीच नावासकट निकालात काढला, त्याचे नाव चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनी मात्र सोडले नाही. त्यांच्या वाटणीत ‘सी. पी. बेरार’ हा विभाग पुढेही कायम राहिला आणि अमरावती व भुसावळ येथील वितरकांच्या पाट्यांवर तो टिकला. महसुली नकाशापेक्षा सिनेमाचा नकाशा अधिक चिवट निघाला, असे आम्ही कौतुकाने म्हणत असू.

परंतु मराठी चित्रपट बाघ नदी ओलांडून आपल्याकडे क्वचितच येत. तो पाहायचा तर गोंदियास किंवा नागपुरास जावे लागे. गोंदियाची छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेज, रमतगमत जाई. रात्रीचा खेळ पाहिला तर मुक्काम पडे, आणि मुक्कामाला नातेवाईकांचे घर हवे. त्यामुळे घरातून एखादाच जाई, बहुधा कर्ता पुरुष, तोही कोर्टाच्या, खरेदीच्या किंवा सोयरिकीच्या निमित्ताने. तो परतला की ओसरीवर माणसे जमत. इतर ठिकाणी शेरा ऐकून माणूस चित्रपट पाहायला जातो. आपल्याकडे बहुतेकांना जाणे शक्यच नसल्याने शेरा हाच चित्रपट होता. म्हणून ‘शेवट सांगू नका’ असे आपल्याकडे कोणी म्हणत नसे. उलट शेवट सांगितल्याविना उठू देत नसत. आमच्या एका चुलत्यांना पदे पाठ होत. ते चित्रपटाची हकीकत सांगता सांगता योग्य जागी पद म्हणत, आणि त्यांनी सांगितलेले चित्रपट प्रत्यक्षातल्यापेक्षा सरस असत, असे आम्हांस पुढे तो एकेक चित्रपट पाहिल्यावर कळले.

आता पाहून येणारा एकच, तेव्हा त्याचा शब्द अखेरचा. येथेच या गोष्टीची दुसरी बाजू सुरू होते.

१९३६ साली नागपुरास उच्च न्यायालय झाले आणि आमच्या आजोबांच्या नागपूरच्या खेपा वाढल्या. ते गावचे मालगुजार नव्हते, पण शेतीचे दोन दावे चालू होते. ‘संत तुकाराम’ त्यांनी तेथेच पाहिला आणि घरी येऊन शेरा दिला की, विष्णुपंत पागनीस हे पागनीस नव्हेतच, साक्षात तुकोबा आहेत, तेव्हा बायकामुलांनी पाहिलाच पाहिजे. त्यानुसार पुढे घरातील सात माणसे गाडीने जाऊन तो पाहून आली. आजी त्यात होती. तिचा तो आयुष्यातला पहिला चित्रपट. विमानाचा देखावा पाहून तिने हात जोडले, असे ती स्वतःच सांगे.

त्यानंतर १९३७ साली ‘प्रभात’चाच ‘कुंकू’ आला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेला. नीरा या तरुण मुलीचे लग्न तिचा मामा फसवून एका वयस्क, बिजवर वकिलाशी लावतो आणि ती मुलगी हे नाते नाकारते. रडून नव्हे, ठामपणे. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब. अखेरीस म्हाताऱ्याला स्वतःचा अन्याय कळतो आणि तो आपले जीवन संपवतो. या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. घरातले आवाजच ऐकू येतात, आणि भिंतीवरचे घड्याळ जणू त्या म्हाताऱ्याचेच प्रतीक होऊन बसले आहे.

आजोबा ‘कुंकू’ पाहून आले, तेव्हा ओसरीवर नेहमीप्रमाणे मंडळी जमली. आजोबांनी पान लावले आणि एवढेच म्हणाले, “बायकांनी पाहण्यासारखा नाही.” हकीकत सांगितली नाही, पदे नाहीत, शेवट नाही. विषय संपला. घरातून कोणी गेले नाही. आम्ही हिशेब केला तर शेजारपाजारच्या आणखी चार घरांतूनही कोणी गेले नाही, कारण त्या घरांचा नागपूरचा डोळा म्हणजे आमचे आजोबाच.

हे एका घरापुरते झाले असेल असे समजू नये. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे न पाहिलेले चित्रपट निघतील. पुरुषांच्या शेऱ्यावर स्त्रियांचे चित्रपट ठरत, आणि स्त्रियांनी पाहून आल्यावर काय वाटले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. १९५३ च्या ‘श्यामची आई’बद्दल आमच्या घरात जो शेरा प्रसिद्ध होता तो “दोन रुमाल घेऊन जा” असा. तो पुरुषांचा. आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, याचा अभिमान ओसरीवर व्यक्त झाला. माजघरात काय बोलले गेले, ते माजघरातच राहिले.

पुढची दोन दशके आम्ही भराभर ओलांडतो. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षे चालला, त्याची कीर्ती आपल्याकडे पोस्टकार्डांतून आली. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’चा (१९७१) शेरा देताना ज्येष्ठ मंडळी नाक मुरडत आणि हसू दाबीत. दोन्ही एकाच वेळी कसे जमे, हे पाहण्यासारखे असे.

मात्र १९७५ हे साल सविस्तर लिहिण्याजोगे आहे. आम्ही तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या टप्प्यात होतो. जूनमध्ये आणीबाणी आली. राजकारणावर मोठ्याने बोलायचे नाही, असे वडीलधाऱ्यांनी बजावले होते. माणसाला मत तर द्यावेसे वाटतेच. त्यामुळे त्या वर्षी पानठेल्यावर, स्टेशनच्या बाकावर, नळावर जेवढी मते चित्रपटांविषयी दिली गेली, तेवढी आधी कधी ऐकल्याचे आठवत नाही. १५ ऑगस्टला ‘शोले’ प्रदर्शित झाला. पहिल्या दिवसांत धंद्यातील जाणत्यांनी आणि समीक्षकांनी त्यास जवळजवळ बुडीत खाती टाकले होते. मग पाहून आलेले बोलू लागले. संवाद तोंडपाठ होऊ लागले, पुढे संवादांच्याच तबकड्या निघाल्या आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांवर चालला. त्याचा शेवट सेन्सॉरच्या आग्रहाने बदललेला होता. ठाकूर गब्बरला ठार मारीत नाही, पोलिसांच्या हवाली करतो. हे आम्हांस फार पुढे कळले. त्या वर्षी कायदा स्वतःच्या हाती घेणे पडद्यावरही चालण्यासारखे नव्हते. गोंदियाहून आलेल्या आमच्या वर्गमित्राला आम्ही गाठले, “पिक्चर कसा आहे बे?” तर तो एक अक्षर न बोलता कमरेचा पट्टा काढून जमिनीवर घासत चालू लागला. इतका नेमका शेरा आम्ही नंतर कोणत्याही वर्तमानपत्रात वाचला नाही.

त्याच वर्षी, ‘शोले’च्या थोडा आधी, विजय शर्मा यांचा ‘जय संतोषी माँ’ आला होता. त्यात बडे नट नव्हते, खर्च बेताचा. सुरुवातीस गर्दीही नव्हती. या चित्रपटाला हात दिला तो स्त्रियांनी. पाहून आलेली एक दुसरीला सांगे, दुसरी शेजारणीला, आणि थिएटरात पादत्राणे बाहेर काढणे, पडद्यावर फुले-नाणी उधळणे, आरती ओवाळणे सुरू झाले. शुक्रवारचे व्रत घरोघर शिरले, आंबट वर्ज्य झाले. आमच्या गावच्या टॉकीजवर तो लागला, तेव्हा बायकांची रांग पुरुषांच्या रांगेहून लांब गेलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली. सुशिक्षितांनी या चित्रपटाची थट्टा केली. आम्हीही कॉलेजात गेल्यावर केली. त्या थट्टेत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. कर्त्या पुरुषाचा शेरा न विचारता बायका आपापसांतल्या शब्दावर विसंबून तिकीट काढायला गेल्या, हे आमच्या गल्लीत तोवर घडले नव्हते. आमच्या आजोबांनी त्यास “भाबडेपणा” असा शेरा दिला होता. तो कोणी ऐकला नाही. आजी तीनदा गेली.

त्यानंतर दूरदर्शन आले, मग व्हिडिओ आला, आणि पाहून येणाऱ्याचे महत्त्व हळूहळू ओसरले. २००४ साली ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी. तो ऑस्करला पाठविण्यासाठी शाळकरी मुलांनीसुद्धा पैसे जमविले. तेव्हा नागपूरहून लेकीचा दूरध्वनी आला, “बाबा, पाहाच.” छोटी गाडी जाऊन मोठ्या लोहमार्गाचे काम त्या सुमारास चालले होते. आम्ही बसने गेलो.

पण सांगायचे राहिले आहे ते ‘कुंकू’चे. आजोबा १९८१ साली गेले. आम्ही नोकरीत लागलो होतो. १९८७ च्या उन्हाळ्यात नागपुरास शासकीय कामाने गेलो असता धाकट्या बहिणीच्या घरी ‘कुंकू’ची कॅसेट मिळण्याचे दुकान कळले. व्हीसीआर भाड्याने घेऊन, दोन्ही डब्यात नीट बांधून बालाघाटास आणले. आजी तेव्हा सत्तरीला टेकली होती. येथे सांगितले पाहिजे की, आजी आजोबांची दुसरी पत्नी. लग्न झाले तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि आजोबा छत्तीस. हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते, पण ‘कुंकू’च्या त्या शेऱ्याशी त्याचा मेळ आम्ही कधी घातला नव्हता. कॅसेट लावेपर्यंत घातला नव्हता, हे कबूल करतो.

आजी पुढे सरकून बसली. चित्र खराब होते, मधूनमधून रेघा पडत. तिने एकदाही कोणाला काही विचारले नाही. नीरा नवऱ्याच्या खोलीचे दार लावून घेते, तेथे आमच्या आईने आवाज कमी करू का म्हणून विचारले. आजीने हातानेच नको म्हटले. शेवट झाला, पडदा निळा पडला आणि घरात कोणी बोलेना. आम्हांस वाटले, कॅसेट आणून आपण चूक केली.

आजीने चष्मा काढून पदराला पुसला. “पाहण्यासारखा होता,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, या यंत्राचे भाडे दिवसाचे आहे की रात्रीचे. रात्रीचेही धरलेले आहे म्हटल्यावर, जेवणे झाली की पुन्हा एकदा लावा, आणि समोरच्या घरच्या काकूंनाही बोलावून आणा, त्यांचाही राहिला आहे, असे तिने सांगितले.