उत्तेजक की ऊन?

खेळाडूंच्या लघवीची आणि रक्ताची तपासणी करून त्यांनी उत्तेजक द्रव्ये घेतली आहेत का हे पाहतात, हे आपल्याला माहीत आहे. ऑलिंपिकमध्ये ही तपासणी कशी सुरू झाली हे सांगताना एका हौशी सायकलपटूच्या मृत्यूचा उल्लेख हमखास येतो. ‘उत्तेजक द्रव्यामुळे ऑलिंपिकमध्ये दगावलेला खेळाडू’ अशी त्याची ओळख अनेक ठिकाणी छापलेली आढळते. ही ओळख कितपत खरी आहे, ते आपण तपासून पाहू.

२६ ऑगस्ट १९६०. रोम ऑलिंपिकमधील सायकलींची १०० किलोमीटरची सांघिक शर्यत. त्या काळी ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असे. पैसे घेऊन शर्यती करणाऱ्या व्यावसायिकांना तेथे प्रवेश नव्हता. प्रत्येक संघात चार जण, आणि तिसरा स्वार अंतिम रेषेवर पोहोचेल ती संघाची वेळ. म्हणजे एक जण गळाला तर चालेल, दोन गळाले की संघ बाद. पारा ४० अंशांच्या आसपास होता. डेन्मार्कच्या संघातील एक जण पहिल्याच फेरीत ऊन लागून बाहेर पडला. आता उरलेल्या तिघांपैकी कोणालाही थांबण्याची सोय राहिली नाही.

त्या तिघांतील क्नूड एनेमार्क येन्सेन हा २३ वर्षांचा तरुण. शर्यत चालू असतानाच त्याला भोवळ येऊ लागली. सहकाऱ्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी सावरले, अंगावर पाणी मारले. तो सावरला असे वाटून हात सोडताच तो रस्त्यावर कोसळला आणि त्याच्या कवटीला तडा गेला. त्याला एका तंबूत नेले, पण तेथे बाहेरच्यापेक्षाही जास्त उकाडा होता. शुद्धीवर न येताच त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला.

पुढे संघाच्या प्रशिक्षकाने चौकशीत सांगितले, की आपण स्वारांना रोनिकॉल नावाचे औषध दिले होते. हे औषध रक्तवाहिन्या रुंद करते. बातमी पसरत गेली, तसे त्यात अँफेटामीनचेही नाव जोडले गेले. अँफेटामीन हे खरेखुरे उत्तेजक. ते थकव्याची जाणीव दडपते. मात्र इटलीतील डॉक्टरांच्या अधिकृत निष्कर्षात मृत्यूचे कारण उष्माघात असे दिले होते. औषधाचा अंश सापडल्याचे त्यात म्हटलेले नव्हते. शवविच्छेदनात भाग घेतलेल्या एका डॉक्टरने अँफेटामीन सापडल्याचा दावा केला, तो कित्येक वर्षांनंतर. डेन्मार्कमधील अभ्यासक व्हर्नर म्यॉलर यांनी २००५ साली या साऱ्या हकिगतीची छाननी केली. उत्तेजकाची गोष्ट पुराव्यापेक्षा पुनरुक्तीवरच उभी आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

नुसत्या उन्हाने एवढा धडधाकट तरुण दगावेल का? सायकल चालवताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि घाम सुटतो. हवाच शरीराएवढी किंवा त्याहून अधिक तापलेली असेल, तर घामाचे बाष्पीभवन हा एकच उपाय उरतो. अंगातील पाणी कमी झाले, की रक्तदाब राखणे आणि उष्णता बाहेर टाकणे ही दोन्ही कामे एकदम जमत नाहीत; मग भोवळ येते. रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या औषधाने यात भर पडू शकते, हेही खरे. म्हणजे रोनिकॉलचा काहीच वाटा नव्हता, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण ‘वाटा असू शकेल’ आणि ‘तेच कारण होते’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत.

यापुढील एक घटना तुलनेला उपयोगी आहे. १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधील माँ व्हाँतू या डोंगरावर टॉम सिम्पसन हा इंग्रज व्यावसायिक सायकलपटू मरण पावला. तेव्हाही कडक ऊन होते. पण त्याच्या शरीरात अँफेटामीन सापडले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वैद्यकीय आयोग कामाला लावला आणि १९६८ च्या स्पर्धांपासून तपासणी सुरू झाली. तिची गरज हौशी सायकलपटूंतही होतीच. १९७२ साली म्यूनिकला याच सांघिक शर्यतीत तिसऱ्या आलेल्या हॉलंडच्या एका स्वाराच्या तपासणीत कोरामीन हे उत्तेजक आढळले आणि संघाचे कांस्यपदक गेले.

तेव्हा तपासणी योग्यच होती. तिच्या समर्थनासाठी येन्सेनच्या नावाची गरज नव्हती. ते नाव वापरल्याने दोन गोष्टी घडल्या. स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या एका मृत तरुणावर सिद्ध न झालेला ठपका बसला. आणि भर उन्हात ठेवलेली शर्यत, दुसऱ्या स्वाराला थांबू न देणारा नियम, तापलेला तंबू यांच्याविषयी विचारायचे प्रश्न मागे पडले. पैकी दुसरी गोष्ट शाळेच्या मैदानालाही लागू आहे. धावताना एखाद्या मुलाला भोवळ आली, तर त्याला पुन्हा धावायला न लावता सावलीत आणणे, अंगावर पाणी घालून वारा घालणे, शुद्धीवर असेल तरच पाणी पाजणे आणि डॉक्टरांना बोलावणे, एवढे आपल्या हाती नक्कीच आहे.