झाडीपट्टी रंगभूमीवरील विनोद

झाडीपट्टी रंगभूमीवरील विनोद हा पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत सादर होणाऱ्या लोकप्रिय नाटकांचा एक अविभाज्य घटक होय. दाट वनांमुळे या प्रदेशास ‘झाडीपट्टी’ हे नाव पडले. (गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला.) येथील विनोद प्रामुख्याने दोन गोष्टींवर उभा असतो : नटाच्या शरीराच्या हालचाली आणि झाडीबोली. पहिल्या घटकामुळे त्याचे नाते जगभरच्या अंगविनोदाशी, विशेषतः ‘स्लॅपस्टिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश परंपरेशी जुळते. दुसऱ्यामुळे मात्र तो या प्रदेशाबाहेर सहसा जाऊ शकलेला नाही.

पूर्वपीठिका

या विनोदाची मुळे नाटकांहून जुन्या लोककलांत आहेत. दंडार आणि खडी गंमत हे झाडीपट्टीतील त्यांपैकी प्रमुख प्रकार. खडी गंमत नावाप्रमाणेच उभ्याने सादर होते. तीत स्त्रीवेषातील नाच्या आणि शाहीर यांच्या सवालजबाबांतून, नकलांतून आणि लटक्या भांडणांतून हशा पिकवला जातो. संहिता अशी नसतेच. समोरच्या गावात त्या वर्षी काय घडले, याची जाण असलेला नट ऐन वेळी वाक्य रचतो. पुढे संगीत नाटके व सामाजिक नाटके या भागात रुजली, तेव्हा हा उत्स्फूर्तपणा विनोदी नटाकडे वारशाने आला. झाडीबोली व येथील लोकरंगभूमी यांच्या अभ्यासाला डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दिशा दिली.

प्रयोगाची रीत

नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर, धानाची कापणी होऊन हाती पैसा आला की सुरू होतो आणि साधारण होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गावची मंडई किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) हे निमित्त असते. पाहुणे घरी आलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतो. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) हे या व्यवसायाचे केंद्र असून नाट्यमंडळांची कार्यालये तेथे आहेत.

नट रोज नव्या गावी, पुष्कळदा नव्या नाटकात उभा राहतो. तालमीला अवकाश नसल्यामुळे प्रॉम्प्टर हा प्रयोगाचा कणा ठरतो. गंभीर पात्रे त्याच्या आधारावर चालतात; विनोदी नट त्याला वरचेवर सोडून जातो. संवाद कोठे ताणावा, हशा ओसरेपर्यंत कोठे थांबावे, डुलकी लागलेल्या प्रेक्षकांना कसे जागे करावे, हे त्यालाच ठरवावे लागते. रात्री दोन-अडीचच्या थंडीत मांडवातील शेवटच्या रांगेपर्यंत शब्द स्पष्ट पोचेलच असे नाही. पण धोतराचा सोगा पायात अडकून पडणारा माणूस तेथूनही दिसतो. येथील अंगविनोद ठळक असण्यामागे हे साधे व्यावहारिक कारण आहे. त्याला केवळ ग्राम्य अभिरुचीचे लक्षण मानणे योग्य नव्हे.

नाटकाचे कथानक बहुतेक वेळा कौटुंबिक आणि करुण असते : दारू, कर्ज, सुनेचा छळ, मुलांनी टाकलेले आईबाप. विनोदी पात्रांचा उपकथानकाचा धागा त्यातून वेगळा चालतो आणि एखाद्या प्रसंगी मूळ कथेस येऊन मिळतो. रडविणे आणि हसविणे यांची ही सांगड मराठी रंगभूमीस नवी नाही. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ मधील तळीराम हे तिचे सर्वपरिचित उदाहरण.

अंगविनोदाची परंपरा आणि ब्रिटिश साम्य

विकृत वेष, वाणी आणि अंगचेष्टा यांतून हास्यरस निर्माण होतो, असे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. युरोपात सोळाव्या शतकातील इटालियन फिरत्या नाटकमंडळ्या दोन पट्ट्यांची एक काठी वापरीत. फटका हलका बसे, आवाज मात्र मोठा होई. ‘स्लॅपस्टिक’ हा शब्द त्या काठीवरून आला. इंग्लंडमधील म्युझिक हॉलमध्ये संवादी नाटकांवर कायद्याची बंधने होती, त्यामुळे फ्रेड कार्नो यांच्या मंडळीने मूकाभिनयाचे विनोदी प्रवेश विकसित केले. चार्ली चॅप्लिन (१८८९–१९७७) आणि स्टॅन लॉरेल (१८९०–१९६५) हे दोघेही त्याच मंडळीत घडले व तेथून अमेरिकी चित्रपटात गेले. चॅप्लिन यांच्या ‘द किड’ (१९२१) मध्ये टाकून दिलेल्या मुलाची करुण कथा आणि धडपड-पडझडीचा विनोद एकत्र नांदतात. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला ही रचना मुळीच अपरिचित वाटणार नाही.

शब्दांवाचून चालणारा विनोद सीमा ओलांडतो. नॉर्मन विस्डम (१९१५–२०१०) यांचे ब्रिटिश चित्रपट साम्यवादी राजवटीतील अल्बानियात, जेथे पाश्चात्त्य चित्रपटांना जवळजवळ मज्जाव होता तेथे, कमालीचे लोकप्रिय झाले. झाडीपट्टीचा विनोदी नट अर्धा प्रवास याच वाटेने करतो. उरलेला अर्धा बोलीचा आहे.

बोलीचे स्थान

झाडीबोलीत ण आणि ळ यांचे उच्चार होत नाहीत : पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो. नायक-नायिका सामान्यतः प्रमाण मराठीत बोलतात. घरची बोली मुख्यतः विनोदी पात्राच्या तोंडी येते. याचे दोन अर्थ लावता येतात. शाळा आणि कचेरी यांतून हद्दपार झालेल्या बोलीला हजारोंच्या समुदायापुढे मानाने उभे राहण्याची जागा या नटांनी मिळवून दिली, हा एक. आपली भाषा हसण्यापुरतीच आहे, प्रेम आणि दुःख यांची भाषा दुसरी, असा समज त्यामुळे दृढ झाला, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. मात्र प्रेक्षक बोलीला हसत नाही, बोलीत हसतो, हा भेद बाहेरून येणाऱ्या समीक्षकाच्या नजरेतून सुटतो.

परशुराम खुणे

या परंपरेतील सर्वांत ख्यातनाम विनोदी नट म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम कोमाजी खुणे. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. ‘विदर्भाचे दादा कोंडके’ ही त्यांची लोकांनी केलेली ओळख. ती गौरवाची असली, तरी तुलना पूर्णपणे नेमकी नाही : कोंडके यांना चित्रपटाने महाराष्ट्रभर पोचविले, खुणे यांची कारकीर्द मांडवातच घडली. भारत सरकारने २०२३ साली त्यांना पद्मश्री दिली.

आक्षेप व सद्यःस्थिती

द्व्यर्थी संवाद, स्त्रीपात्रांची आणि शारीरिक व्यंगाची थट्टा, कथानक थांबवून लांबविलेले प्रवेश हे या विनोदावरील नेहमीचे आक्षेप होत. ते निराधार नाहीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तेव्हा शंकरपटाच्या निमित्ताने होणाऱ्या प्रयोगांनाही झळ बसली. २०२३ साली न्यायालयाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरविले. तृषांत इंगळे दिग्दर्शित ‘झॉलीवूड’ (२०२२) हा मराठी चित्रपट याच रंगभूमीवर आधारित आहे. अलीकडे विनोदी प्रवेश नाटकातून सुटे काढून यूट्यूबवर प्रसारित होतात. त्यांना प्रेक्षक मिळतो, पण त्यांच्या आधीचा आणि नंतरचा करुण प्रवेश त्यात नसतो.